दोन गाड्यांमधली येळवस

माझ्या मैत्रिणींना विमानतळांवर मोकळे तास मिळतात. एक विमान उतरवते, दुसरे रात्री उचलणार असते, आणि मधल्या वेळात त्या दोहामध्ये नाहीतर सिंगापूरमध्ये शहर पाहून येतात. त्या सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात चोरून मिळालेल्या सुट्टीचा आनंद असतो. त्या आनंदाचा मला हेवा वाटे. या मार्गशीर्षात नाशिकहून बीदरला मैत्रिणीकडे जायला निघाले, आणि तिकिटांच्या जुळणीत मला तसा एक मोकळा दिवस मिळाला. सकाळी परळी वैजनाथला उतरायचे आणि दुपार कलल्यावर तिथूनच बीदरकडची गाडी धरायची. मधले सारे तास माझे.

आई फोनवर म्हणाली, "अमावास्येला कशाला निघतेस?" आमच्याकडे अमावास्या म्हणजे आखडून बसायचा दिवस. नवे काही सुरू करायचे नाही, प्रवास टाळायचा. मी हसून बॅग भरली. परळीकडच्या लोकांसाठी हीच अमावास्या वर्षातली सर्वांत गजबजलेली असते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

स्टेशन

गाडी परळीला थांबली तेव्हा थंडीचा कडवट वास होता. त्यात कोळशाचा धूर होता, दव होते आणि दूर कुठेतरी परतल्या जाणाऱ्या लसणाची एक बारीक रेघ होती. औष्णिक वीज केंद्राची धुरांडी सकाळच्या प्रकाशात गुलाबी दिसत होती. फलाटावरच्या बाकावर बोट फिरवले, तर बोटाला राखेची मऊ पूड लागली.

पोटात भूक होती आणि मनात बेत होता. गरम पोहे, मग देऊळ, मग बाजारातून एक फेरफटका. बाहेर आले आणि बेत तिथेच संपला. टपऱ्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या. हॉटेलांची शटर ओढलेली. रिक्षांच्या जागी एक कुत्रे उन्हात अंग ताणून पडलेले. संप असावा असे वाटले, पण संपाच्या दिवशी निदान चौकाचौकांत माणसे असतात. इथे शहर कोणीतरी अलगद उचलून नेले होते.

दुसऱ्या गाडीने आलेले एक वृद्ध जोडपे पायरीवर बसले होते. विकाराबादचे. वैजनाथाच्या दर्शनाला आलेले, दुपारी माझ्याच गाडीने परतणारे. आजोबा दख्खनी हिंदीत म्हणाले, "चाय भी नै मिलती क्या, अम्मा?" त्यांची बायको पिशवीतून शेंगदाणे काढून मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवत होती.

तेवढ्यात एक रिक्षा वळण घेऊन आली आणि आमच्यासमोर थांबली. चालक पस्तिशीचा, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळावर ताजे कुंकू.

"ताई, जेवण झालंय का?"

सकाळच्या त्या प्रहरी हा प्रश्न मला चमत्कारिक वाटला. मी विचारले, "इथे कुठे हॉटेल उघडं असेल का?"

"हाटेल? आज येळवस हाय, ताई. वेळ अमावास्या. हाटेलवाला बी शेतात, गिऱ्हाईक बी शेतात. आज परळीत ऱ्हातंय कोण?"

"मग तुम्ही कसे इथे?"

त्याने हँडलवरची धूळ रुमालाने पुसली. ती पुसण्याची गरज नव्हती.

"मी माणसं न्यायला आलोय."

"कोणती माणसं?"

"कुणी बी," तो म्हणाला. "तुमी आलात तरी चालंल."

मी सावध झाले. एकटी बाई, अनोळखी गाव, बंद बाजार. पण विकाराबादच्या आजींना 'जेवण' एवढा एक शब्द कळला होता आणि त्या तोवर रिक्षात चढून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी जागा होती. मी बसले.

वैजनाथाच्या पायऱ्या

चालकाचे नाव दत्ता. त्याने आम्हाला आधी देवळाला नेले. "देव आधी, मग शेत. गाडीच्या टायमाला ठेसनावर आणून सोडतो, कायबी काळजी करू नका." भाड्याचा विषय काढला, तर त्याने अशा नजरेने पाहिले की मी पर्स पुन्हा पिशवीत ढकलली.

डोंगराच्या उतारावरचे ते दगडी देऊळ, त्याच्या रुंद पायऱ्या, पायांना बसणारा काळ्या दगडाचा गारवा. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरी देव दुरून पाहायचा असतो. इथे मी गाभाऱ्यात गेले, वाकले, आणि शाळिग्रामी लिंगावर तळहात टेकवला. ओला, गुळगुळीत, बेलाच्या तुरट वासाचा दगड. इतका सहज स्पर्श मिळेल अशी कल्पना नव्हती. हात उचलावासा वाटेना. पुजारी घाईत होते. त्यांनाही शेतात जायचे होते.

पुढे रस्ता गावाबाहेर पडला तशी माझी छाती उत्सुकतेने भरून आली. दोन्ही अंगांना काळी जमीन, पोटऱ्यात आलेली ज्वारी, हरभऱ्याची दाट हिरवी चादर, करडईचे काटेरी कडे. आणि प्रत्येक शेतात कडब्याची एक छोटी झोपडी, इथल्या बोलीत कोप, प्रत्येक झोपडीपाशी धूर, लुगड्यांचे रंग, हसण्याचे आवाज. हरवलेले शहर मला सापडले. ते सगळे इथे मांडी घालून बसले होते. डोक्यावर मडकी घेतलेल्या बाया बांधाबांधाने चालल्या होत्या, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाका पडत होत्या. आमची रिक्षा दिसली की लोक हात करत, "या जेवायला." दत्ता मात्र थांबत नव्हता.

"इतके लोक बोलावताहेत, मग तुम्हाला माणसं शोधायला स्टेशनवर का यावं लागलं?" मी विचारले.

त्याने एक खड्डा चुकवला. मग म्हणाला, "औंदा आमी वायले निघालो, ताई. थोरला भाऊ अन मी. पाडव्याला वाटनी झाली. विहिरीच्या पान्याच्या पाळीवरून लागलं अन तुटलं. आता मधी बांध हाय. त्याची कोप अलीकडं, माझी पलीकडं."

"आणि माणसं?"

"मानसं समदी थोरल्याकडं. वाईट न्हाईत बरं लोक. पर माझ्या कोपीत आधी आले तर थोरल्याला वाटंल, हे आपल्याकडून फुटले. म्हनून आधी तिकडं जात्यात. अन तिकडं गेलं की तिथंच पोट भरतंय." त्याने आरशात माझ्याकडे पाहिले. "बायको कोंबडं आरवायच्या आधी उठलीय. पंचवीस-तीस मानसांचा सैपाक केलाय तिनं. आंबिलीचं बिंदगं गळ्यापर्यंत भरलेलं हाय. ते शेतातच रितं व्हावं लागतंय. भरलेलं घरी न्यायची पाळी आली, तर वरीसभर बायका बोलतील. हिच्या शेतात कुत्रं बी जेवलं न्हाई, म्हनतील."

मला मघाशी जे चमत्कारिक वाटले होते, ते आता वेगळे दिसू लागले. हा माणूस गाडीच्या वेळेवर स्टेशनवर आला होता, कारण परक्या गावच्या माणसाला कुणाची बाजू नसते.

बांधाच्या पलीकडे

दत्ताची बायको सविता कोपीच्या तोंडाशी उभी होती आणि रस्त्याकडे पाहत होती. हिरवे लुगडे, पदर कंबरेला खोचलेला, नाकावर पिठाचा ठिपका. रिक्षातून तीन माणसे उतरली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून मला माझ्या मघाच्या सावधपणाची लाज वाटली.

"आलात व्हय. या, पाय धुवा. बैठो माँ, इधर सावली में बैठो."

कोपीत पाच दगड चुन्याने रंगवून मांडले होते. हे पांडव. त्यांच्यापुढे हरभऱ्याचे डहाळे, ओंब्या, आणि मातीचे ते बिंदगे, म्हणजे रुंद पोटाचे मडके, आंबिलीने भरलेले. वरचे फडके दूर होताच आंबट ताकाचा, ज्वारीच्या पिठाचा आणि लसणाचा वास वर आला. दत्ताने तांब्यात आंबील घेऊन शेताला फेरी घातली. कडुनिंबाच्या डहाळीने तो पिकावर शिंतोडे उडवत होता आणि "ओलगे, ओलगे" असे काही पुटपुटत होता. अर्थ विचारला तर म्हणाला, "बाप म्हनायचा. म्हनून मी म्हनतो." ज्वारीच्या पानांवर थेंब चमकत होते.

मग वाढणे झाले. केळीचे पान नव्हते, परातीएवढी स्टीलची ताटे होती. बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, शेंगांची चटणी, आणि दिवसाचा मुख्य मान असलेली भज्जी. ही आपली तळलेली भजी नव्हे. तुरीचे ओले दाणे, वाल, वाटाणा, हरभरा, मेथी, चाकवत, शेतात जे हिरवे असेल ते सारे बेसनात एकजीव शिजवलेले. उंडा मी आधी मोडला. असा मऊ, असा दमदार, दाताखाली किंचित रवाळ आणि मग विरघळणारा उंडा मी कधी खाल्ला नव्हता. विकाराबादच्या आजोबांनी तिसरा मागितला.

भज्जी चांगली होती. दाणे गोड होते, पाला कोवळा होता. पण घासाच्या शेवटी काहीतरी उणे पडत होते. ओळीतले सगळे शब्द जागच्या जागी असावेत आणि ओळ गाता येऊ नये, तसे. मी दुसरा घास घेतला.

सविता माझ्याकडेच पाहत होती. "भज्जीत काय तरी ऱ्हायलंय, न्हाई का? सकाळपास्नं चाखतेय. तिखट हाय, मीठ हाय, चिंच बी हाय. तरी ती आमची भज्जी न्हाई लागत."

आमचे जेवण झाले तरी मडक्यातली पातळी जेमतेम बोटभर उतरली होती. पलीकडून हसण्याचे लोट येत होते. सविता पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली.

बांधाच्या अलीकडे

मी पाय मोकळे करायला बांधावरून चालत निघाले, तर पलीकडून हाक आली.

"ओ पाहुण्या बाई. तिकडं जेवलात, आता हिकडं बी दोन घास खावं लागतंय. आजच्या दिशी न्हाई म्हनायचं नसतंय."

हाक मारणारी कौसाबाई, दत्ताची थोरली वहिनी. रुंद अंगाची, मोठ्या आवाजाची. तिच्या कोपीपुढे पंगत बसली होती, पागोटी, टोप्या, बायका, लेकरे. पंगतीच्या टोकाला पांढऱ्या मिशांचा तिचा नवरा, माणिकराव, कोणाशी न बोलता वाढत होता. मला बसवले गेले, भज्जी वाढली गेली. पहिल्या घासालाच कळले. सविताच्या भज्जीत जे नव्हते ते इथे होते. जिभेच्या मागच्या बाजूला हळूच चढणारा एक आंबूस खमंगपणा, साऱ्या दाण्यांना एका सुरात बांधणारा.

माझ्या ताटात उंडा मात्र नव्हता. मी विचारले, तर शेजारची बाई फिसकन हसली.

"उंडं मागू नका, पाहुण्या. औंदा आमच्या बाईंच्या उंड्याचा भुगा झालाय. सुपात भरून कोंबड्यांला टाकलाय."

"तू गप जेव की," कौसाबाई म्हणाली. "तुज्या तोंडात काय उंडा अडकलाय?"

पंगत हसली. तीही हसली, पण मग माझ्याजवळ वाढायला वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तिकडली भज्जी कशी झालीय?"

"चांगली आहे."

"चांगली म्हंजी कशी?"

खोटे बोलण्याची ती जागा नव्हती. "हिच्यासारखी नाही लागत," मी म्हटले. "आणि उंडे तिकडचे फार सुंदर आहेत."

ती पळी हातात धरून तशीच उभी राहिली. "लागंल कशी? बेसन आदल्या रात्री आंबट ताकात भिजवून ठेवावं लागतंय. तिला ठावंच न्हाई ते. मी कधी भज्जीला हात लावू दिला न्हाई तिला. ती घरात आल्यापास्नं उंडं तिच्याकडं अन भज्जी माज्याकडं. पिठावर पानी कवा वतायचं, किती उकळतं वतायचं, मी बी कधी बघितलं न्हाई. बघायची गरजच काय पडलीवती?"

वाटणीत जमीन मोजली गेली होती, विहिरीच्या पाळ्या ठरल्या होत्या. येळवसीचा स्वयंपाक मात्र दोघींमध्ये अर्धा अर्धा वाटलेला आहे, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

कौसाबाई कोपीत गेली आणि एक झाकलेला तांब्या घेऊन आली. "हे तिला द्या. म्हनावं, भज्जी पुन्हा चुलीवर चढव, उकळी आली की हे वरून घाल, अन दोन उकळ्या येऊ दे. मी दिलं म्हनू नका."

"मग कोणी दिलं म्हणून सांगू?"

"म्हना, सापडलं."

पुन्हा पलीकडे, पुन्हा अलीकडे

मी नाशिकची, साहित्याची पदवीधर, प्रवासात खिडकीशी बसून राहणारी बाई, काळ्या ढेकळांवरून ताकातले बेसन सांभाळत चालले होते, आणि इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

सविताने झाकण काढले, वास घेतला, आणि तिची नजर बांधापलीकडे गेली. "बाईंनी दिलं."

"सापडलं," मी म्हणाले.

"व्हय तर. ताकात भिजलेलं बेसन बांधावर सापडतंच की." ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

तीन दगडांच्या चुलीत काटक्या तडतडल्या. उकळी फुटली, बेसन पडले, आणि क्षणभरात वास बदलला. विकाराबादच्या आजी झोपेतून उठल्यासारख्या सरळ झाल्या. सविताने पळीवरून बोटाने चाटून पाहिले आणि डोळे मिटले.  मग तिने पाटी घेतली, फडक्यात उंडे रचले, वर दुसरे फडके दाबले.

"हे तिकडं ठिवून या, ताई. काय बोलू नका. त्यांची लेकरं उंड्याबिगर जेवत न्हाईत."

मी पुन्हा निघाले. पाटी कौसाबाईपुढे ठेवली. तिने फडके उचलले, वाफ वर आली, आणि पंगतीतले बोलणे विरत गेले. लेकरांनी हात पुढे केले. एका म्हाताऱ्याने उंडा मोडला, हुंगला, तोंडात टाकला.

"हे तर सविताचं उंडं हायत."

 म्हातारा चावत राहिला. मग त्याने शेजाऱ्याला विचारले, "मंग आपुन हितं कावून बसलोत बे?"

पंगतीतल्या नजरा माणिकरावांकडे गेल्या. ते खिरीच्या पातेल्यात पळी फिरवत होते. पळी फिरतच राहिली.

कौसाबाईने स्वतःचे ताट उचलले, पाण्याने विसळले, आणि कुणाला काही न सांगता बांधाकडे चालू लागली. बांधावर पाऊल टाकताना तिने लुगडे जरा वर धरले, ओढा ओलांडावा तसे. मी तिच्या मागे. सविता तिला येताना पाहत उभी होती, हातातले फडके पिळत.

"बाई, हात धुवायला पानी देते."

"धुतल्यात. वाढ."

ती कोपीत पांडवांसमोर मांडी घालून बसली. सविताने वाढले. कौसाबाईने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"मीठ कमी हाय."

"मीठ तुमीच टाकायच्या," सविता म्हणाली.

"मग आता कोन टाकनार? आन हिकडं." कौसाबाईने मिठाची वाटी ओढली, चिमूट सोडली, आणि जेवू लागली. सविता तिच्यासमोर बसली, पदर तोंडाला लावून.  

मग म्हातारा आला. त्याच्या मागे दोन बाया. मग लेकरे, हातातले उंडे खातच. थोरल्या घरची कर्ती बाईच इथे जेवायला बसली होती. आता इथे येणाऱ्याला फुटला म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाहता पाहता कोपीपुढे पंगत धरली गेली. दत्ता धावत ताटे मांडू लागला, त्याचा इस्त्रीचा सदरा आंबिलीने भिजला. "आंबील इकडं", "भज्जी वाढ गं", "पुन्हा उंडा" अशा हाका उठत होत्या. सविता वाकत होती, वाढत होती, पुढे सरकत होती.

आमच्या गाडीची वेळ होत आली. विकाराबादच्या आजोबांनी मनगटावर बोट ठेवून मला दाखवले. दत्ताकडे पाहिले, तर त्याच्या दोन्ही हातांत पातेली. मला त्याला हाक मारवेना.

तेव्हा बांधावरून माणिकरावांचा आवाज आला. त्या दिवसातला मी ऐकलेला त्यांचा पहिला.

"दत्त्या, चावी फेक. पाहुण्यांला मी सोडतो. तू वाढ."

दत्ताने पातेली खाली ठेवली. "तुमाला रिक्षा येती का, अण्णा?"

"ट्रॅक्टर येतो."

चावी हवेतून गेली. आम्ही निघालो. सविताला निरोप द्यावा म्हणून मी वळले. ती पंगतीच्या मधोमध मडक्यावर वाकली होती, तिची पाठ माझ्याकडे. सकाळी तीन अनोळखी माणसे उतरताना पाहून जिचा चेहरा उजळला होता, तिला आता आमच्याकडे पाहायला सवड नव्हती. मी हाक मारली नाही.

माणिकरावांना रिक्षाचा गिअर सापडेना. खाड्‌ खाड्‌ आवाज करत ती दोनदा बंद पडली. आजी देवाचे नाव घेऊ लागल्या. तिसऱ्यांदा सुरू करायच्या आधी ते हँडल धरून तसेच बसले. मग समोर रस्त्याकडे पाहत त्यांनी विचारले, "बिंदगं रितं झालं का तिचं? तुमी बघितलं का?"

"मी निघाले तेव्हा सविता मडकं तिरपं करून पळीने तळ खरवडत होती."

त्यांनी मान हलवली. गिअर पडला. ज्वारीच्या मधून, करडईच्या कडेने, रिक्षा ट्रॅक्टरच्या चालीने स्टेशनकडे निघाली.